हेमकांतच्या नावाची मूठ

“वा रे पठ्ठ्या! लई उना कुंभारनी पोरले घर!” हेमराजने टीव्हीसमोर कडाडून टाळ्या वाजवल्या.

चित्रपट नुकते बोलू लागले तेव्हाचा गाण्यांचा विनोदी सिनेमा. जमीनदाराचा मुलगा कुंभाराच्या मुलीमागे गात, चिखलात आपटत हिंडतो आणि शेवटी तिला घरी आणतो. बाप आधी थयथयाट करतो, मग सुनेसोबत नाचतो. हेमराजचं हसून हसून पोट दुखलं.

शेजारी त्याची बायको शीला कानबाई देवीच्या रोटांसाठी, नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू निवडत होती. तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. याच माणसाने उन्हाळ्यात पोटच्या मुलाला घराबाहेर काढलं होतं. हेमकांतने प्रतिभाशी लग्न केलं म्हणून. पोरगी चांगली नर्स आहे, पण बाप वाहरू पडला या घरचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. यांची कपाशी निंदून त्याची कंबर मोडली, आणि त्याची लेक यांच्या सोफ्यावर बसायची म्हणजे केवढं संकट! शीला तेव्हा गप्प बसली होती. या घरात ती आयुष्यभर गप्पच बसत आली होती.

सिनेमा संपल्यावर हेमराज हात धुऊन आला. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे आणि त्याचे रोट फक्त कुळातल्यांनी खायचे, ही त्यांच्या रनाळे गावची रीत. त्याने पाटीत स्वतःचे गहू घातले, भावांचे, पुतण्यांचे घातले आणि हात झटकले.

“हेमकांतनी मूठ ऱ्हायनी,” शीला म्हणाली.

“ऱ्हायनी नही, मी सोडी. तो आते आपला घरना नही.”

“आत्तेच तर टाळ्या वाजाड्यात तुम्ही!”

“तो सिनेमा शे, येडी!”

“आनि हाऊ मन्हा पोऱ्या शे!”

शीलाने पोत्यात हात घातला. मूठभर गहू पाटीत टाकले, वर पाव मूठ टाकले आणि दोन्ही हातांनी सगळी पाटी खालपासून ढवळली.

“काढ त्याना गहू!” हेमराज ओरडला.

“तुम्हीच काढा. वळखा कोनता त्याना शेतस ते.”

हेमराजने पाटीत हात घातला. दाणे बोटांतून गळत राहिले. देवीचे गहू, फेकताही येईनात.

“मी ह्या रोट खावाव नही,” तो म्हणाला.

“नका खाऊ. हेमकांत खाई.”

शीलाने पदर खोचला, पाटी डोक्यावर घेतली आणि ती चक्कीकडे निघाली.