पंपाचा नंबर

पाइप तापल्यावर किती सरकेल याचा हिशेब करायला पाइपलाइन कॉम्प्युटरवर उभी करायची तर तिच्यावरच्या प्रत्येक महत्त्वाच्या जागेला नंबर द्यावा लागतो. पाइप जिथे वळतो, जिथे टेकतो, जिथे पंपाला जाऊन मिळतो, तिथे तिथे एकेक नंबर. कुठला द्यायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. माझे पाइपांचे नंबर सात हजारांत असतात आणि पंपांचे नऊ हजारांत, मधे ऐसपैस जागा सोडून. यावरून आमच्या अलेक्झांड्रियाच्या ऑफिसात माझी थट्टा चालायची. "इनासचे पाइप चंद्रावरून येतात," असं हाझिम नव्या माणसाला मुद्दाम ऐकवायचा. तो माझ्याहून सीनियर, आणि त्याला सगळं दहा, वीस, तीस असं शाळेच्या रांगेसारखं हवं. एकच नंबर दोन ठिकाणी पडला तर कॉम्प्युटर त्या दोन जागा एकच समजतो, हे मी त्याला सांगून थकले होते.

ऐन सुखना या गावच्या कारखान्यात माझ्या हिशेबावर टाकलेली लाइन उभी राहिली. शेजारची वाफेची लाइन हाझिमची. मालकांना एकच अहवाल द्यायचा म्हणून त्याने दोन्ही फाइली जोडल्या, हिशेब पुन्हा चालवला आणि माझ्या टेबलाशी येऊन सांगितलं, की तापल्यावर तुझा पाइप पंपाला झेपणार नाही इतका ओढतोय, पंपाजवळचा जोड कापून पाइप लांबून वळवावा लागेल. दुपारच्या नमाजानंतर मालकांची माणसं येणार होती. त्यांच्यासमोर तो हेच सांगणार होता, आणि हिशेबावर नाव माझं होतं.

साइटवर बातमी आमच्याही आधी पोचते. तिथला मुख्य वेल्डर उस्ता मुतवल्ली याचा फोन आला.

"बाशमोहंदिसा, इंजिनियरबाई, माझा जोड कापणार म्हणे?"

मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही.

"जोडावर माझा सतराचा शिक्का आहे. उद्या फुटला तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून आम्ही लोखंडावर नंबर ठोकतो. तुम्ही बरोबर म्हणालात म्हणून मी जोडलं. तुमचं चुकलं असेल तर तसं सांगा, माझ्या हाताने कापतो. नसेल चुकलं, तर त्या उंटावरच्या शहाण्याला आवरा."

मी फोन ठेवला. आपलं चुकलं असेल ही शंका मलाही आली होती, आणि ती आली याचाच जास्त राग आला. मी हाझिमची जोडलेली फाइल मागून घेतली. सकाळचा फूल-पाव, म्हणजे आमच्याकडचा उसळ-पाव, तसाच पडला होता, तो बाजूला सारून बसले.

ओढ किती ते मी आधी बघितलंच नाही. कुठली जागा किती सरकली ते बघितलं. पाइप जसा सरकायला हवा तसाच सरकला होता. पण पंप? पंप गरम होऊन केसभर हलावा, तर तो चांगला चार बोटं सरकलेला. काँक्रीटात बोल्ट घालून बसवलेला पंप असा चालायला लागत नाही. त्याला कुणीतरी ओढत होतं.

पंपाचा नंबर मी ९०१० दिला होता. तो तिथे नव्हता. त्या जागी ३०० होता. मग हाझिमच्या वाफेच्या लाइनीत तीनशे शोधला. तो तिच्या सगळ्यात तापणाऱ्या वळणावर बसला होता. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी माझा पंप हाझिमच्या वळणाला बांधलेला. वाफेचा पाइप फुगला की पंप फरफटत जाणार आणि दोष माझ्या लाइनीचा. वड्याचं तेल वांग्यावर.

मी हाझिमला बोलावलं आणि त्याच्यादेखत ९०१० परत घातला. हिशेब चालवला. ओढ मर्यादेच्या आत आली, माझ्या पहिल्या हिशेबात होती तितकीच.

हाझिमने पडद्यावर बोट ठेवून दोन्ही नंबर ताडून पाहिले. मग म्हणाला, "तुझे नऊ हजार रांगेत फार लांब दिसत होते, म्हणून बदलले."

"लांबच बरे होते," मी म्हटलं. "तुझ्या शेजाराला आल्यावर बघ काय झालं त्यांचं."

मालकांच्या माणसांपुढे मात्र तो सरळ बोलला. फाइली जोडताना नंबरावर नंबर पडला, चूक माझी, इनासची लाइन आहे तशी राहू द्या. तेवढ्यासाठी त्याला संध्याकाळचा चहा मी पाजला.

लाइन पहिल्यांदा तापवायची होती त्या दिवशी मी ऐन सुखनाला गेले. पाइप तापला, हळूहळू सरकला आणि मी सांगितलं होतं तिथे येऊन थांबला. पंप जागचा हलला नाही. माझा ऊर भरून आला, आणि मी ते कुणापासून लपवलंही नाही.

मुतवल्ली मला पंपाजवळ घेऊन गेला. जोडाशेजारी लोखंडात त्याचा सतरा ठोकलेला होता. त्याच्या बाजूला लाल रंगाने, जरा वाकड्या हाताने, कुणीतरी ९०१० लिहिलं होतं.

"हा कुणी लिहिला?" मी विचारलं.

"मी. नंबर तुमच्या ऑफिसातून विचारून घेतला. आता जोड फुटला तर दोघांना धरतील."

"धरू देत," मी म्हटलं.

त्याने खिशातून रुमाल काढला आणि माझ्या नंबरावर बसलेली धूळ पुसली.