बॅटरीमामा आणि खाडीतलं पोवळं

माझे मामा हादिमु यांना आमच्या बेटावर सगळे ‘बॅटरीमामा’ म्हणत. तरुणपणी त्यांची मालवाहू होडी होती. एकदा मकासर शहरातल्या भंगारवाल्यासाठी जुन्या बॅटऱ्या भरून ते निघाले आणि वादळात होडी बुडाली. बाहेरच्या खोल समुद्रात बुडाली, असं ते पहिल्यापासून सांगत आले. पण त्याच वर्षी आमच्या खाडीतली समुद्रशेवाळाची शेती कुजली. सगळ्यांत जास्त नुकसान झालं ते समोरच्या घरातल्या साबियाकाकींचं. होडी खाडीतच बुडाली, बॅटऱ्यांचं शिसं पाण्यात उतरलं आणि हा माणूस खोटं बोलतोय, असं काकींनी ठरवून टाकलं. गावालाही ते पटलं.

तेव्हापासून काकी मामांशी बोलत नव्हत्या. बोलायच्या त्या आपल्या बकरीशी, मामांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात. ‘खा गं बाई, तुझ्या चाऱ्यात तरी कुणी विष कालवलेलं नाही.’ मामा मग नंतर घेतलेल्या आपल्या दुसऱ्या होडीला उद्देशून काहीतरी उत्तर देत. तीस वर्षं हा संसार असाच चालला होता.

गेल्या वर्षी विद्यापीठातून फित्रिया नावाची एक हसतमुख बाई आली. खाडीच्या तोंडाशी खोलीएवढं मोठं, जुनं पोवळं आहे, त्यात भोक पाडून तिला आतला दगड काढायचा होता. पोवळं दरवर्षी बोटाच्या रुंदीइतकं वाढतं, तिने सांगितलं, आणि वाढताना पाण्यात जे असेल ते, शिसंसुद्धा, त्या वर्षाच्या थरात अडकून राहतं. ती उतरली होती साबियाकाकींकडे. भोक पाडायचं यंत्र पेलेल अशी रुंद होडी मात्र गावात एकच होती, मामांची.

नांगर सांभाळायला मीही गेले होते. अर्ध्या वाटेत मामांनी इंजिन बंद केलं.

“माझी होडी बुडाली ते वर्ष त्या दगडात असेल का?” त्यांनी विचारलं.

“असेल.”

“आणि शिसं निघालं तर?”

“तर निघालं म्हणून सांगेन, मामा. मला दडवता येणार नाही.”

मला वाटलं, मामा होडी मागे फिरवतात की काय. त्यांनी नुसता टोपीने घाम पुसला आणि ते म्हणाले, “मग नीट खोलवर जा. वरवर खरवडून येऊ नकोस.” इंजिन सुरू झालं.

तिच्याबरोबर आलेल्या पाणबुड्यांनी पांढऱ्या काठीसारखा लांब दगड वर काढला. तो घेऊन फित्रिया गेली, आणि मामांची झोप उडाली. भात सोडून उठायचे. मी विचारलं तर पोट बिघडलंय म्हणायचे.

ती परत आली तेव्हा शाळेत अख्खं गाव जमलं. काकी पहिल्या रांगेत, मामा दाराशी. फित्रियाने दगडाचे एक्स-रे भिंतीवर लावले. फिकट पट्टा, गडद पट्टा, दोन्ही मिळून एक वर्ष. एकेका वर्षाचा थर तपासला, त्यात शिसं होतं, तिने सांगितलं. पण ते वाढायला लागलं मामांची ती बुडालेली होडी बांधली जाण्याच्या कितीतरी आधी. होडी बुडाली त्या वर्षी किंवा त्याच्या मागेपुढे ते एकदम वाढलेलं नाही. खाडीत बॅटऱ्यांची रास पडली असती तर तशी वाढ थरांत दिसली असती. शिसं बहुतेक पेट्रोलमधून आलं होतं. त्या काळी त्यात शिसं घालत, शहरांतल्या गाड्यांचं हवेतून यायचं आणि आपल्या होड्यांच्या इंजिनांचं थेट पाण्यात. तसं पेट्रोल बंद झाल्यापासून शिसं कमी होत चाललंय. सगळ्यांत वरचा थर जवळजवळ आजोबांच्या काळाइतका स्वच्छ आहे.

मग शेवाळ कशाने कुजलं, असं काकींनी विचारलं. ते पोवळं सांगत नाही, फित्रिया म्हणाली. पाणी तापलं असेल, रोग आला असेल.

मागून कोणीतरी विचारलं, गावात पहिलं इंजिन कोणी आणलं होतं? ते आणलं होतं काकींच्या वडिलांनी, आणि काकी आयुष्यभर त्याची फुशारकी मारत आल्या होत्या. आधी एक जण हसला, मग सगळी शाळा. काकींनी डोळे वटारून पाहिलं आणि शेवटी त्यांनाच हसू आवरेना.

त्या उठल्या आणि दाराशी येऊन मामांसमोर उभ्या राहिल्या.

“हादिमु,” त्या म्हणाल्या, “चूक झाली माझी. उद्या जेवायला ये.”

मामांनी मान डोलावली आणि ते बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

दुसऱ्या दिवशी काकींनी माशाचं आंबट कालवण आणि वाफवलेले कसाव्याचे कंद केले. मामांनी तीनदा वाढून घेतलं आणि वर मीठ कमी आहे असं ऐकवलं. पोट एकदम बरं झालं होतं. आता दोघांनी मिळून खाडीत शेवाळ वाढवायचे दोर लावलेत. दोर कुठे बांधायचे यावरून रोज सकाळी भांडण होतं, आणि ते अख्ख्या गल्लीला ऐकू येतं.