नऊ गाड्यांची हवा

माझ्या बाबांनी एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या जीपमधला एसी बंद केला आणि त्याचा कॉम्प्रेसर चाकांत हवा भरायच्या कामाला लावला. गार हवेचे पाइप काढले, मागच्या सीटखाली टाकी बसवली, तिला लांब नळी जोडली. आईला हे त्यांनी काम झाल्यावर सांगितलं, फडक्याला हात पुसत. आम्ही युटाच्या वाळवंटातले. उन्हाळ्यात इथे स्टीअरिंगला उघडा हात लावता येत नाही.

बाबांचा नऊ जीपवाल्यांचा गट होता. खडकांवर चढण्याआधी ही मंडळी चाकांतली अर्धी हवा सोडतात, म्हणजे टायर पसरून दगड धरतो. डांबरी रस्त्याला लागायच्या आधी ती पुन्हा भरावी लागते. गटाचा नियम एकच: शेवटच्याची चाकं भरेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. इतरांच्या छोट्या पंपांना एका चाकाला दहा मिनिटं लागत. बाबांच्या नळीला एक. त्यामुळे सगळ्यांची चाकं बाबाच भरायचे.

मार्चमध्ये बाबा गेले. जूनच्या पहिल्या शनिवारी गटाने त्यांच्या नावाने फेरी काढली. जीप मी चालवली, आई शेजारी बसली.

त्याआधी दोनच दिवस तिने मला सांगितलं होतं, "सोमवारी गॅरेजवाला येतोय. तो जुना कॉम्प्रेसर काढून नवा एसी बसवणार आहे."

"लगेच?"

"एकाहत्तर वर्षांची झाले, लिओना. मला आता गार बसायचंय."

तिचं बरोबरच होतं. पण बाबांच्या वस्तूंपैकी चालू अशी ती एकच उरली होती. चष्मा दान केला होता, कानातलं यंत्र कंपनीने परत नेलं होतं, आणि गवत कापायचं मशीन बाबा असतानाही चालत नव्हतं.

दुपारी तीनला सगळे खाली उतरलो. मी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि नळी ओढत पहिल्या गाडीपाशी गेले. आईने जुनिपरच्या झाडाखाली घडीची खुर्ची मांडली.

गटात सगळ्यात मोठे ऑर्विलकाका. ते माझ्या मागे मागे फिरत होते.

"वेंडेल असता तर एव्हाना तिसऱ्या गाडीवर असता," ते बाबांबद्दल म्हणाले.

"काका, तुमची गाडी शेवटी घेते."

"बघा! लायब्ररीत नोकरी करणारी माणसं अशी डूख धरतात." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "तुझी आई हे काढून टाकणार म्हणे? अगं, हा कॉम्प्रेसर म्हणजे आपल्या गटाचा प्राण आहे."

आजूबाजूच्या चार जणांनी माना हलवल्या.

विसाव्या चाकाला इंजिनातून बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला. मग पट्ट्याचा जळका वास. मी नळी धरून उभी राहिले. पुरुष बॉनेटभोवती जमले. एक म्हणाला पट्टा, एक म्हणाला बेअरिंग. ऑर्विलकाका म्हणाले, वेंडेल असता तर त्याला कळलं असतं.

आई उठली. तिला आवाज माझ्याआधी ऐकू आला असणार, कारण तिने हातातलं सँडविच आधीच गुंडाळून ठेवलं होतं. ती नुसती बसून राहिली असती, तर कॉम्प्रेसर पाच मिनिटांत जाम झाला असता, आणि सोमवारचा निम्मा वाद मिटला असता.

तिने मला इंजिन बंद करायला लावलं. डॅशबोर्डच्या खणातून, विम्याच्या कागदांखालून, सुई नसलेली एक मोठी सिरिंज आणि तेलाची बाटली काढली. कॉम्प्रेसरवरचा हवेचा छोटा फिल्टर काढून आत तेल सोडलं आणि हाताने चक्र चार वेळा फिरवलं.

"एसीत असतो तेव्हा त्याला गॅसबरोबर तेल मिळतं," ती म्हणाली. "नुसत्या हवेत तो कोरडा पडतो. बारा चाकांमागे एक सिरिंज."

"हे वेंडेल करायचा?" ऑर्विलकाकांनी विचारलं.

"मी करायचे. वेंडेल तुमच्याशी गप्पा मारायचा."

"आई, तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, एवढी पुरुषमंडळी आहेत, कोणाला तरी ठाऊक असेल."

ती हात पुसत सगळ्यांकडे वळली. "सोमवारी हा निघतोय. ज्याला हवा त्याने न्यावा, फुकट. एसी काढला की तुमच्या गाडीतही बसेल."

एकाला आपल्या बुटाची नाडी दिसली.

"ऑर्विल? गटाचा प्राण आहे म्हणे."

काकांनी आपल्या गाडीकडे पाहिलं. आत जॅनिसकाकू काचा बंद करून, गार हवेत, शब्दकोडं सोडवत होत्या. त्यांनी वर न पाहता बोटाने नाही अशी खूण केली. काचेतून त्यांना कसं ऐकू आलं कोण जाणे.

"मी घेते," मी म्हणाले.

"तुझ्या त्या डबीत बसणार नाही तो," आई म्हणाली. माझी गाडी लहान आहे, चार वर्षांची, आणि तिचा एसी उत्तम आहे.

"मग ती डबी तू घे. जीप मी नेते."

"सॉल्ट लेकला तुझ्या घरापर्यंत चार तास आहेत," आई म्हणाली. "काचा उघड्या ठेवून."

"माहीत आहे."

"नाहीये माहीत," ती म्हणाली. "पण त्या डबीची किल्ली दे."

मी किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिने तेलाची बाटली आणि सिरिंज माझ्या हातात दिली.

"बाबांनी एवढी वर्षं जपलेला आहे," मी म्हणाले. "मी विसरणार नाही."

"अगं, हा चौथा आहे. पहिले तीन त्याने जाळले. त्यानंतर मी तेल हातात घेतलं."

मी त्या कॉम्प्रेसरकडे पाहिलं. मग इंजिन चालू केलं. सोळा चाकं राहिली होती. नळी ओढत मी पुढच्या गाडीकडे गेले, आणि आई माझ्या मागून मोठ्याने आकडे मोजत आली.