बुधवारची सही

"ही सही तुमचीच ना?"

डॉक्टरांनी पिवळं कार्ड टेबलावरून पुढे सरकवलं. ताईने चष्मा लावला आणि बोटाने ओळ धरली. बुधवारचा रकाना, आणि त्यात तिची सही. पहिलं अक्षर जरा कललेलं, शेवटी मागे वळून सगळ्या सहीखालून गेलेला फाटा. अठ्ठावीस वर्षं ऑफिसच्या हजेरीपटावर ती हीच सही करत आली होती.

"माझीच," ती म्हणाली.

"मग एवढं कोडं सोडवून द्या मला. कार्डाप्रमाणे तुमच्या भावाने परवापर्यंत रोज सकाळी कोणा ना कोणासमोर गोळी घेतलीय. ही गोळी पोटात असताना माणसाला दारू सोसत नाही. घोटभर घेतली तरी आडवा होतो. आणि हा महिनाभर तरी रोज पितोय." डॉक्टर चिडले नव्हते, नुसते थकले होते. "यातलं काहीतरी एक खोटं आहे, बाई."

ताई मनातल्या मनात बुधवार मोजत होती. गेल्या बुधवारी ती ऑफिसात होती. त्याच्या आधीच्या बुधवारीही. त्याच्या आधीच्या?

"कार्डं घेऊन जा, नीट चौकशी करा आणि चारपर्यंत मला खरं सांगा. लिव्हर फार खराब झालंय. त्यातून वाचला, तर त्याला पुन्हा उपचारात घ्यायचं की नाही, हे नुसत्या गोळीवर ठरत नाही. मागे माणसं आहेत का, यावर ठरतं."

चार महिन्यांची चार कार्डं पर्समध्ये टाकून ताई भावाच्या खोलीकडे निघाली.

भाऊ पाट्या रंगवायचा. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, दुकानांच्या. सगळं जग त्याला पेंटर म्हणायचं, इतकं की त्याच्या लग्नात भटजींनी नाव विचारलं तेव्हा दोन मित्र एकदम "पेंटर" म्हणाले होते. अक्षराचा हात मोठा विलक्षण. कोणी वडिलांचं जुनं पत्र आणून दिलं, की त्यातलं वळण जसंच्या तसं दारावरच्या पाटीवर उतरवून द्यायचा. मुलगा पाटी बघून डोळे पुसायचा आणि पेंटर त्याला म्हणायचा, "ओली आहे, हात लावू नका." दारू लागल्यावर पाट्यांवरच्या ओळी उताराला लागल्या. गिऱ्हाइकं गेली, मग बायको गेली. जाताना ती ताईच्या गळ्यात पडून रडली होती आणि ताईला तिचा राग करताच आला नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी तो तीन आठवडे व्यसनमुक्तीच्या वॉर्डात राहून बाहेर आला. तेव्हा तिथल्या समुपदेशक बाईंनी सगळ्या गोतावळ्याला एका खोलीत बसवलं होतं.

"गोळी द्यायला दोन मिनिटं लागतात," त्या म्हणाल्या. "खरं औषध पुढच्या पंधरा मिनिटांचं आहे. समोर बसायचं आणि बोलायचं. दारूवर नाही, दुसऱ्या कशावरही. मग कार्डावर सही करायची आणि एक ओळ लिहायची, आज काय बोललो. एकच माणूस हे करत राहिला तर दोन महिन्यांत थकतो. म्हणून वार वाटून घ्या."

कार्याच्या घरात कामं वाटून घ्यावीत तशा हौसेने सगळ्यांनी वार वाटून घेतले. सोमवार तळमजल्यावरच्या शिंप्याने घेतला, मंगळवार काकांनी, बुधवार ताईने. गुरुवार शाळेतल्या दोस्ताचा, तो बसवर कंडक्टर होता. शुक्रवार घरमालकीणबाईंचा, शनिवार चुलतभावाचा. रविवार कोणी घेईना, म्हणून तो चुलतभावाच्या बायकोवर आला.

पहिले चार महिने काय छान गेले! काका पंधरा मिनिटांऐवजी दीड तास बसत आणि आपल्या पोटाच्या तक्रारी सांगत. पेंटर ताईला म्हणायचा, "गोळी बंद केली तरी चालेल गं, काकांच्या धाकानेच सुटेल माझी." हात थरथरायचा थांबला. एका दातांच्या डॉक्टरांची पाटी मिळाली. तिच्यातली ओळ सरळ आली, तेव्हा ताईने ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

मग काकांचा गुडघा धरला. कंडक्टरची ड्युटी बदलली. घरमालकीणबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. कोणी भांडून गेलं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. जो तो एवढंच म्हणाला, की आपला एक वार चुकला तर काय झालं, बाकीचे सहा आहेतच.

ताईसुद्धा हेच म्हणाली होती. ती वीज कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसायची. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या, पत्ता टिपायचा आणि म्हणायचं, "तक्रार नोंदवली आहे, माणूस निघालाय." माणूस निघालेला नसायचा, पुष्कळदा माणूसच नसायचा. शेजारची मुलगी नोकरी सोडून गेली आणि ताईची पाळी सकाळी सातची झाली. दोन बुधवार तिने फोन केला. "गोळी घेतलीस?" "घेतली की. शिंपीदादा बसलाय समोर, बोलायचंय का?" ताईला हायसं वाटलं. पुढे फोनही राहून गेले.

शिंपी दुकानाच्या पायरीवरच उभा होता. काल जिन्यात रक्ताची उलटी करून पडलेल्या पेंटरला त्यानेच उचलून दवाखान्यात नेलं होतं.

"कसा आहे?"

"आहे," ताई म्हणाली. "शिंपीदादा, तुम्ही सोमवारी जात होतात ना?"

शिंप्याने गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळली. "खोटं कशाला बोलू, ताई? शाळेच्या गणवेशांचं काम आलं, आणि... चार महिने होतील. म्हटलं, तुम्ही सगळे आहातच. वर-खाली जाताना हाक मारायचो. तो म्हणायचा, सगळं झकास."

ताईने कार्डं पुढे केली. शिंप्याने आपली सही उलटसुलट करून पाहिली. "ही तर माझीच! पण मी नाही हो केली." मग त्याने शेजारची ओळ वाचली. "'कॉलरच्या कापावरून वाद घातला. शेवटी मी हरलो.' आईशप्पथ सांगतो ताई, कॉलरवरून मी आजवर कोणाला हरलो नाही." तो हसायला गेला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

दोघं वर गेले. खोली झाडलेली होती. ब्रश धुऊन, टोकं वर करून डब्यात उभे होते. खिडकीत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या दोऱ्याने बांधून ठेवलेल्या होत्या आणि प्रत्येक गोळीच्या घरावर बारीक ब्रशने तारीख घातलेली होती. ताई तारखा बघत गेली. एकही दिवस गाळलेला नव्हता. कोणी येत नव्हतं तेव्हाही तो सकाळी उठून, एकट्याने, गोळी घेत होता. अकरा आठवडे. मग तारखा थांबल्या होत्या. त्यापुढच्या पट्ट्या भरलेल्याच, रबर लावून बाजूला ठेवलेल्या. शेवटच्या तारखेला दीड महिना झाला होता.

खाटेच्या कडेला बसून तिने आपले बुधवार वाचले. अक्षर तिचं, शाईसुद्धा तिच्या पेनाची हिरवट निळी.

'ऑफिसातल्या गमती सांगितल्या. पोट धरून हसला.'

'आईच्या हातच्या आमटीची आठवण निघाली. मला रडू आलं, त्याने पाणी दिलं.'

'माझे गुडघे दुखतात म्हणून त्याने मोठा उपदेश केला. काकांचा वारसा चालवणार असं दिसतंय.'

'पाऊस होता तरी आले.'

'आज जरा जास्त वेळ बसले.'

ताई पुढे वाचू शकली नाही. शिंपी दाराशी उभा होता. "बाकीच्यांचंही असंच लिहिलंय?" त्याने विचारलं. तिने होकाराची मान हलवली. काकांच्या मंगळवारी पोटाच्या तक्रारी होत्या. कंडक्टरच्या गुरुवारी, सुट्टे पैसे न देणाऱ्या एका म्हातारीची मोठी हकिकत होती. सात जणांची सात अक्षरं, आणि एकाही माणसाचं बोलणं दुसऱ्यासारखं नव्हतं.

वॉर्डात पेंटर भिंतीकडे तोंड करून पडला होता. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. ताई स्टुलावर बसली. पर्समधून कार्डाची कड दिसत होती. ती त्याला दिसली.

"कळलं होय," तो म्हणाला.

"सही छान जमलीय रे."

"तुझा शेवटचा फाटा फार छळायचा. तू तो एका झटक्यात मारतेस. मला चार वेळा गिरवावा लागायचा."

"का केलंस असं?"

"रिकामं कार्ड नेलं की औषधाच्या खिडकीवर गोळ्या देत नाहीत. सोबतच्या माणसांना बोलावून घेतात." तो थांबला, दम खाल्ला. "तुला रजा काढावी लागली असती. काकांना त्या गुडघ्याने कशाला दमवायचं?"

"एका शब्दाने बोलायचं होतंस मला."

"बोललो की. एकदा तुझ्या ऑफिसच्या नंबरावर फोन केला. सकाळचीच वेळ होती. म्हटलं, जरा आवाज ऐकू. तू म्हणालीस, पत्ता सांगा. मी सांगितला. खोलीचा नंबरसुद्धा सांगितला." तो हसला, ओठ फाटलेले होते. "तू म्हणालीस, तक्रार नोंदवली आहे, माणूस निघालाय."

"कधी?"

"झाला असेल दीड महिना. वादळ झालं होतं बघ आदल्या दिवशी."

ताईला ते वादळ आठवलं. त्या सकाळी अर्ध्या शहराची वीज गेली होती आणि तिने चारशे पत्ते टिपले होते. त्यातला एक पत्ता भावाचा होता, आणि तिच्या बोटांनी तो लिहिला होता, आणि तिला तो ऐकू आला नव्हता.

"वाट बघितली मी थोडा वेळ," तो म्हणाला. त्यात कुरकुर नव्हती. कुरकुर असती तर तिला बरं वाटलं असतं.

"आता येईन मी. रोज येईन. सगळे वार माझे."

"ये," तो म्हणाला आणि डोळे मिटले. ऑफिसात ती ज्या सुरात 'माणूस निघालाय' म्हणायची, त्याच सुरात तो 'ये' म्हणाला होता. तो सूर तिच्याइतका कोणाला ओळखू येणार?

चार वाजता कार्डं परत देऊन तिने डॉक्टरांना खरं ते सांगितलं. सांगताना आवाज चढला, जणू डॉक्टरांनीच काही केलं होतं. "चोर नाहीये तो. अकरा आठवडे एकट्याने गोळी घेतलीय त्याने. आम्ही सात जण होतो, आणि आमच्यातलं एकही माणूस तिथे नव्हतं." डॉक्टरांनी ऐकून घेतलं. फाइलमध्ये 'सोबत' असा रकाना होता, तिथलं 'सात' खोडून त्यांनी काहीच लिहिलं नाही. "बरं होऊ दे आधी," ते म्हणाले. "मग बघू." ताईला 'मग बघू'चाही सूर कळत होता.

गुरुवारी ती रजा टाकून दिवसभर त्याच्याजवळ बसली. ऑफिसातल्या गमती सांगायला घेतल्या, पण तोवर तो भलतंच बरळायला लागला होता. हवेत बोट फिरवून काहीतरी रंगवत होता आणि मधेच म्हणत होता, "ओली आहे, हात लावू नका." ताईने हात मागे घेतला. मग लक्षात येऊन पुन्हा त्याच्या कपाळावर ठेवला.

शुक्रवारी सकाळी तो गेला. तेव्हा मात्र सगळे आले. काका काठी टेकत आले, कंडक्टर गणवेशातच आला, घरमालकीणबाई लेकीला घेऊन आल्या. चुलतभावाच्या बायकोने हुंदके देत सांगितलं, "मला वाटलं, तुम्ही बाकीचे आहात." आठ महिन्यांपूर्वी त्या खोलीत बसले होते ते सगळे त्यानंतर आज पहिल्यांदाच एका वेळी एका जागी होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

देह ताब्यात घ्यायचा कागद कचेरीच्या खिडकीवर होता. ताईने सही केली. नेहमीसारखा फाटा झटक्यात मारायला गेली, तो मधेच तुटला.

खिडकीतल्या कारकुनाने फाइल उघडली. पिवळी कार्डं त्याच फाइलला टाचलेली होती. त्याने एकदा कागद पाहिला, एकदा कार्ड.

"बाई, ही जुळत नाही."

"माझीच आहे."

"असेल हो. पण फाइलमधली बघा आणि ही बघा. पुढे कागद अडतात, मग तुम्हालाच त्रास." तो माणूस वाईट नव्हता. त्याने कार्ड काढून काचेखालून तिच्यापुढे सरकवलं आणि कोरा कागद दिला. "ही बघून करा. सावकाश करा."

ताईने चष्मा पुसला. कार्डावर बुधवारचा रकाना होता, 'आज जरा जास्त वेळ बसले' ही ओळ होती, आणि तिच्यापुढे ती सही. तिने पेन टेकवलं. पहिलं अक्षर त्याच्याइतकं कलतं काढलं. मधली अक्षरं, त्याने सोडली होती तेवढी जागा सोडून, एकेक करत काढली. शेवटच्या फाट्याशी ती थांबली, कार्डाकडे पाहिलं, आणि तो झटक्यात न मारता, त्याने काढला होता तसा, मागे वळवून हळूहळू सगळ्या सहीखालून ओढत नेला.

कारकुनाने दोन्ही शेजारी धरून पाहिल्या.

"हां," तो म्हणाला, "आता आली तुमची सही."