चिमटीतली हडळ

दोन हजार अठराचा फेब्रुवारी. ज्वारी काढून झाली होती, आणि आमच्या वस्तीवरून युसूफ वडगावला जाणाऱ्या पाऊलवाटेवर, बाभळीखाली, भर दिवसा गाव लोटलं होतं. वारा सुटला की बाभळीतून "हूंऽऽ" असा आवाज येई. माणसं चपला काढून हात जोडत.

हडळ तिथं माझ्या लहानपणीही होती. पण ती बोरं चोरणाऱ्या पोरांनाच दिसायची, आणि तिची वर्णनं बोरीचा मालक करायचा. ही नवी मात्र चांगली शिकलेली निघाली. सटवा भगताच्या अंगात येऊन ती घुमली, "गट नंबर एकशे बारामधली वाट मोडा! नांगर फिरवा! न्हाईतर पोरीबाळी खाईन!"

"अगं बया, हिला गट नंबर पाठ हाय!" मी म्हणाले.

"काकू, गप बसा. कोप व्हईल," उत्तरेश्वरराव दटावून म्हणाले. वाट त्यांच्याच रानातून जायची.

माझी शेजारीण मनकर्णा रडायला लागली. तिची दिपाली याच वाटेनं शाळेत जायची. दहावीची परीक्षा पुढच्या महिन्यात. सडकेनं लई मोठा फेरा, आणि जीप मिळेल तेव्हा खरी.

"शाळा बास झाली. पोर जित्ती राहू दे. तेलगावला मामाकडं धाडते, लगीन लावून टाकते."

दिपाली कान देऊन ऐकत होती. "आई, पाखरं भ्यावीत म्हणून आपण जोंधळ्यात कॅसेटची फीत ताणतो, ती अशीच घुमती की."

ती बाभळीखाली गेली.

"शिवू नको!" सटवा ओरडला. हडळीपेक्षा तोच जास्त घाबरलेला दिसला.

पोरीनं हात वर करून फांदीखाली चिमूट धरली. आवाज बंद. सोडली, "हूंऽऽ". परत धरली, बंद.

"सटवामामा, हडळ माझ्या चिमटीत हाय. इचारा काय इचारायचं ते."

फांदीपासून रानातल्या खांबापर्यंत तपकिरी फीत ताणलेली होती.

"ज्वारीची हाय, तशीच राह्यली," उत्तरेश्वरराव म्हणाले.

"रान तर नांगरलंय," मी म्हणाले. "बाभळीला कणसं लागलीत व्हय?"

गाव हसलं, आणि चपला शोधू लागलं.

दिपाली आता अंबाजोगाईला नर्स आहे. मनकर्णा सगळ्यांना सांगते, मला तवाच शंका आली होती. सटवा केजच्या बाजारात ताडपत्र्या विकतो. बोलण्याची कला वाया गेली नाही. उत्तरेश्वरराव गेल्या वर्षी वारले. त्यांची तिरडी त्याच वाटेनं नेली, सडकेनं फेरा पडला असता.

बायांनो, बाप्यांनो, झाडातून आवाज आला तर जरूर थांबा. पण हात जोडण्याआधी एकदा हात वर करून बघा.