पिवळ्या आकड्यांचा दोर

मुलीने दोर धरायला मामाला सांगितलं, ही बातमी भांडारबाबूंना पालेभाजी निवडताना बायकोकडून कळली.

"मामाला?" त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. "का, बाप मेला?"

"अहो, काय हे अभद्र! दीड महिन्याने ती पहिल्यांदा खऱ्या कड्यावर चढणार. वर चढणाऱ्याचा दोर खालून कोणीतरी धरावा लागतो. माझा भाऊ वर्षभर तिच्याबरोबर त्या सरावाच्या भिंतीवर जातोय. तुम्ही एकदा तरी गेलात?"

यावर बाबूंनी भाजीतली दोन चांगली पानं फेकून दिली.

भांडारबाबू म्हणजे पंपांच्या कारखान्यातल्या स्टोअरचे सत्तावीस वर्षांचे मालक. पगारी नोकर होते खरे, पण ते त्यांना कधी मनापासून पटलं नव्हतं. बेअरिंगपासून झाडूपर्यंत प्रत्येक वस्तूवर त्यांच्या हातचा पिवळा नंबर असे. बाबूंसमोर फार वेळ स्वस्थ उभं राहू नये, नंबर टाकतील, असं कामगार एकमेकांना बजावत.

संध्याकाळी मुलगी घरी आली तेव्हा बाबू दारातच उभे होते.

"दोर मी धरणार."

"बाबा, तू? तुला दोन जिन्यांत धाप लागते."

"चढायचंय तुला. मला फक्त धरायचंय."

"तेही शिकावं लागतं. क्लबच्या मॅडम परीक्षा घेतात. पास झालास तर तू धर, नाहीतर मामा. चालेल?"

"दोर हातात धरायचा, त्यात शिकायचं काय?" बाबू म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात गेले.

दुकानातल्या विक्रेतीने विचारलं, "किती दिवस चढताय?"

"अजून सुरुवात व्हायचीय."

"मग आत्ता काही घेऊ नका. क्लबकडे सगळं भाड्याने मिळतं. दोन महिने वापरा, पट्टा कुठे काचतो ते कळू द्या, मग या."

सत्तावीस वर्षं माल न देण्याची कारणं सांगण्यात घालवलेल्या माणसाला कारण लगेच ओळखू येतं. बाबू मनात हसले. त्यांनी कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा घेतला, ज्याला तिथे हार्नेस म्हणत. साठ मीटर दोर घेतला, दोर अडकवायच्या सहा कड्या घेतल्या, दोर अडवायचं यंत्र घेतलं, हेल्मेट घेतलं. चढायचं नव्हतं तरी चढायचे बूटही घेतले, कारण अपुरा संच घरात ठेवणं त्यांना जमलं नसतं. बूट घट्ट असावेत असं कुठेतरी वाचल्यामुळे इतके घट्ट घेतले की ते घालून बाबूंना फक्त बसता येई.

मग सरावाचा तक्ता झाला. आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे, लाल शाईने उभ्या-आडव्या रेघा. तो कपाटाच्या दारावर चिकटवला आणि आल्यागेल्याला दाखवला. पहिल्या दिवशी बाबू भिंतीपाशी गेले, दहा मिनिटं दोर धरला आणि उरलेला तासभर इतरांच्या पट्ट्यांची बक्कलं तपासली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या चार पोरींना एक कडी किती वजन पेलते ते समजावून सांगितलं. पोरी चांगल्या घरच्या होत्या, ऐकून घेतलं.

मामा तिथेच भाड्याच्या, वास मारणाऱ्या बुटांत चढत होता, पडत होता, पुन्हा चढत होता.

"भावोजी, जरा माझा दोर घ्या ना हातात."

"आधी सामानाबरोबरची माहितीपुस्तिका वाच. पान नऊ."

"मी पान नऊ वाचून पडलो तर धराल का?"

बाबूंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात कारखान्यात मालाची मोजणी निघाली, तिसऱ्यात पाठ धरली, नंतर नुसताच कंटाळा आला. अठरापैकी चार दिवस भरले. तक्त्यावर मात्र अठराही चौकोनांत बरोबरच्या खुणा पडल्या, कारण घरी सोफ्यावर बसून पुस्तिका वाचणं हाही सरावच, असं बाबूंचं मत झालं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी सगळं सामान गॅलरीत मांडलं. स्टोअरमधून पिवळा रंग आणला होता. तो दाट वाटला म्हणून थिनर घालून सारखा केला. बारीक ब्रशने हार्नेसच्या तिन्ही पट्ट्यांवर सुबक नंबर घातले. दोरावर दर दहा मीटरला एक पिवळं कडं, मधोमध दोन. कड्या उरल्या. त्यांच्यावर रंग टिकणार नाही म्हणून छिन्नीसारख्या ठशांनी, हातोडीचे ठोके घालून, आकडे उमटवले.

बायको कपडे वाळत घालायला आली. "अहो, हे असल्या पट्ट्यांना चालतं का?"

"आपल्या मालावर आपला नंबर नको? उद्या दहा जणांच्या ढिगात तुझ्या भावाचं कुठलं आणि माझं कुठलं, कसं कळणार?"

"त्याचं काहीच नाहीये. सगळं भाड्याचं आहे."

"तेच तर," बाबू म्हणाले.

पुस्तिका त्यांची पान नऊपर्यंत पाठ होती. रसायनांपासून दूर ठेवा, ही सूचना पान बारावर होती.

रविवारी सकाळी शहराबाहेरच्या कड्याखाली सगळे जमले. परीक्षा घेणाऱ्या मॅडमना मुलं पाठीमागे गाठबाई म्हणत, कारण माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्या त्याच्या दोराच्या गाठीकडे बघत. गाठबाईंनी बाबूंचा हार्नेस उचलला, उलटा केला आणि नाकाशी नेला.

"हे काय आहे?"

"भांडार क्रमांक," बाबू नम्रपणे म्हणाले. कौतुक होणार अशी त्यांची खात्री होती.

"थिनर?"

"थोडासाच. रंग दाट होता."

गाठबाई खाली बसल्या, दोर हातातून सरकवत पहिल्या पिवळ्या कड्यापाशी थांबल्या. मग ठोके पडलेल्या कड्या एकेक करून उन्हात धरून पाहिल्या.

"थिनरने धागा आतून खराब होतो, बाहेरून दिसत नाही. ठोक्यांनी धातूला चीर गेली असेल, तीही दिसत नाही. कदाचित टिकेल. पण 'कदाचित'ला मी माणूस बांधत नाही. हे सगळं बाद." त्यांनी पिशवीतून मोठी कात्री काढली. "चुकून कोणी वापरू नये म्हणून कापून टाकावं लागतं."

हा नियम बाबूंना कोणी सांगायला नको होता. त्यांच्या स्टोअरमध्ये बाद झालेला पट्टा त्यांच्यासमोर कापला गेल्याशिवाय ते नवा देत नसत. कामगार गयावया करत तेव्हा नियम म्हणजे नियम, असं म्हणून ते कात्री पुढे करत. आज कात्री त्यांच्याकडे आली. कापता कापता हात दुखून आला. मामाच्या ओठांवर काहीतरी येत होतं, ते त्याने मोठ्या कष्टाने गिळलं.

"मग माझी परीक्षा?" बाबूंनी विचारलं.

"क्लबचं सामान घ्या ना."

क्लबचा हार्नेस विटका होता आणि त्यावर कोणाचाच नंबर नव्हता. वर, तीन पुरुष उंचीवर, कड्याच्या एका पायरीवर वाळूचं पोतं ठेवलं होतं. त्याला बांधलेला दोर वरच्या कडीतून खाली येऊन बाबूंच्या कमरेवरच्या यंत्रातून त्यांच्या उजव्या हातात आला होता.

"बावन्न किलो आहे," गाठबाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीच्या वजनाचं भरून घेतलंय. वरचा माणूस ते कधीही ढकलेल. उजवा हात दोरावरून सुटता कामा नये. परीक्षा एवढीच."

"एवढीच?" बाबूंना जरा हुशारी आली.

एक मिनिट गेलं, दोन गेली. गाठबाई बाजूला उभ्या राहून सहज म्हणाल्या, "तुमचा तो दोर चांगल्यातला दिसत होता. किती जाडीचा?"

सकाळपासून कोणीतरी विचारावं असा हा पहिलाच प्रश्न होता.

"नऊ पूर्णांक आठ मिलिमीटर," बाबू म्हणाले आणि जाडी दाखवायला उजव्या हाताची दोन बोटं वर नेली.

दोर यंत्रातून सुरसुरत निघून गेला. बाबूंनी हात मारला तो हवेत. पोतं धप्पकन खाली आलं, शिवण उसवली आणि वाळू त्यांच्या पायांवर पसरली.

मुलगी पोत्याकडे बघत होती. मग तिने नजर उचलून बापाकडे पाहिलं, आणि बाबूंना त्या नजरेपेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

पोतं भरून, शिवून पुन्हा वर गेलं. मामा उभा राहिला. गाठबाईंनी त्यालाही विचारलं, "ताई कशी आहे तुमची?"

"बरी आहे की," मामा म्हणाला. पोतं सुटलं आणि अर्ध्यातच हिसका खाऊन लोंबकळलं. मामाची मूठ जागची हलली नव्हती.

मुलगी दोर बांधायला लागली. बाबू गाठबाईंपाशी गेले. "मला पुन्हा परीक्षा देता येईल?"

"मंगळवारपासून भिंतीवर या. रोज. महिन्याने बघू."

"सामान काय काय आणू?"

"काहीही आणू नका," गाठबाई घाईघाईने म्हणाल्या. मग त्यांनी मामाच्या मागे जमिनीवर पडलेलं दोराचं टोक उचलून बाबूंच्या हातात दिलं. "खऱ्या कड्यावर पहिल्यांदाच धरणाऱ्याच्या मागे आम्ही आणखी एक माणूस ठेवतो. त्याचा हात सुटलाच तर तुमचा असावा. दोन्ही हातांनी धरा. आणि बोलायचं नाही."

मुलगी चढू लागली. मामा दोर घेत होता, मागे बाबू घेत होते, वीतवीत. अर्ध्या वाटेवर तिचा पाय घसरला तसा मामाने दोर आवळला आणि मान न वळवता विचारलं, "भावोजी, आहात ना मागे?"

भावोजींनी उत्तर दिलं नाही. घाम डोळ्यांत उतरला होता, तोही पुसला नाही.

वीस मिनिटांनी वरून मुलीची आरोळी आली, "पोहोचले! बाबा, वर बघ ना!"

बाबू आपल्या दोन मुठींकडे बघत राहिले.