मंगळवार-शुक्रवारची गाडी

मला त्या गाडीची शिसारी आली होती. गाडी माझीच. माझ्या पगारातून, माझ्या नावावर घेतलेली, जुनी, पांढरी. मी जवळा बाजारच्या एका पतसंस्थेत नोकरी करते. एरवी दहाच्या सुमाराला ही गाडी मला औंढ्याहून तिकडे न्यायची, संध्याकाळी परत आणायची, आणि तेव्हा तिची काही तक्रार नसायची. पण मंगळवारी-शुक्रवारी पहाटे बाबांना डायलिसिससाठी हिंगोलीला न्यायचं असलं की मध्येच तिला थेरं सुचायची. दर खेपेला नाही, तेच तर डोक्यात जायचं. कधी सलग दोन-तीन खेपा शहाण्यासारखी जायची आणि मग एका पहाटे सेल्फ नुसता कण्हत राहायचा. इंजिन एकदा भुर्र करून पेटायचं आणि लगेच मरायचं. त्यानंतर किल्ली कितीही फिरवा.

बाबा म्हणजे माझे वडील, किशनराव. किडन्या गेल्यापासून साखरा गावची कोरडवाहू जमीन बटईनं देऊन ते आमच्याकडे राहायला आले. भाऊ रविंद्र पुण्यात असतो आणि फोनवरून काळजी करतो. दवाखान्यात मशीनवर बाबांचा नंबर सकाळचा. उशीर झाला की त्या जागेवर दुसरा पेशंट घेतात, आणि त्यांचं चुकत नाही. खेप हुकली की बाबांच्या पायांवर सूज चढायची, आडवं झालं की दम लागायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, आता खेप चुकवाल तर पाणी फुप्फुसात जाईल. आणि इकडे आमची महाराणी अंगणात फुगून बसलेली.

गाडी अडली की सगळी गल्ली गोळा व्हायची. शेजारच्या शालूबाई म्हणायच्या, बोनेटला लिंबू बांध. कुणी म्हणायचं गारठ्यानं होतं, कुणी म्हणायचं पेट्रोलमध्ये पाणी आहे. आणि सल्ला देऊन झाला की माझ्याच चाकाजवळ तंबाखूची पिचकारी मारायची. गारठ्याचं मला पटलं होतं. एवढ्या पहाटे गाडी त्या दोन दिवशीच काढावी लागायची.

माझा नवरा विकास मात्र धक्का मारायचा. बनियनवर, घामाघूम होऊन, थेट मंदिराच्या रस्त्यापर्यंत. या धक्काधक्कीत पहाटेची एसटी निघून जायची. बायका म्हणायच्या, असा जावई नशिबानं मिळतो. मलाही त्याची दया यायची. परत आला की मी स्वतः त्याच्या अंघोळीचं गरम पाणी काढून द्यायचे. 

मुन्ना मिस्त्रीकडे गाडी नेली की पहिल्याच किल्लीला चालू. त्यानं प्लग पुसले, फिल्टर बदलला, मग बॅटरीच नवी टाकली. सेल्फ धडधडीत फिरत असताना बॅटरी कशाला, हे मी विचारलं, तर गुटख्याचा तोबरा सांभाळत वर बघून म्हणाला, "भाभी, आप टेन्शन मत लो." विकास शेजारी उभा राहून मान डोलवायचा. बॅटरीनंतरच्या शुक्रवारी गाडी पुन्हा मेली. बाबांना मी रिक्षानं स्टँडवर आणि बसनं हिंगोलीला नेलं. मशीनवर दुसरं माणूस झोपलेलं होतं. आम्ही तसेच परत आलो. येताना बाबांना बसमध्ये ओकारी झाली आणि कंडक्टरनं नाकाला रुमाल लावला.

मग मी मिस्त्रीचा नाद सोडला आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघायला लागले. त्यातून एक गोष्ट कळली. किल्ली अर्धी फिरवून थांबलं की मागच्या सीटखालून बारीक भुणभुण ऐकू येते. तो टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप. मी रोज कान देऊन ऐकू लागले. भुणभुण झाली की गाडी हमखास चालू व्हायची.

त्या मंगळवारी पहाटे किल्ली अर्धी फिरवली. मागे चिडीचूप.

बाबा कानटोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. विकास आत दात घासत होता. मी मोबाइलचा टॉर्च लावून स्टिअरिंगखाली डोकं घातलं. तिथे जळमटं, जुन्या तंबाखूची पुडी, आणि वायरींच्या गुंत्यात एक लाल वायर. बाकीच्या वायरींना कारखान्याची टेप, हिला काळी चिकट पट्टी. ती वायर धरून बोट पुढे नेलं तर सीटच्या कडेला, पायाखालच्या पायपुसणीच्या आड, एक बटण हाताला लागलं. दाबलं. मागे भुणभुण सुरू झाली.

मी मुन्ना मिस्त्रीला झोपेतून उठवलं.

"वो तो चोर बटन है, भाभी," तो जांभई देत म्हणाला. "गाडी ली तभी लगाया था. बंद किया तो पेट्रोल आगे नहीं जाता, चोर ले जा नहीं सकता. सबको लगा के देता मैं."

"मग मला काहून न्हाई सांगितलं?"

"ऐसी चीज मालिक को ही बताते ना. विकासभाऊ को मैं हर बार पूछा, बटन देखा क्या? बोले, देखा, चालूच है."

मालिक. गाडीच्या कागदावर नाव माझं, हप्ता माझा, चालवते मी, आणि मालिक कोण, तर ज्याला अजून रिव्हर्स धड घेता येत नाही तो. मी फोन ठेवला आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

आवाज ऐकून विकास बाहेर आला. तोंडात ब्रश, ओठांवर फेस, अंगात नुसतं बनियन आणि खांद्यावर माझा टॉवेल. धक्का मारायला तयार होऊनच आला होता. मी सीटच्या कडेकडे बोट दाखवलं. त्याचा हात तिथेच थांबला.

"तुमी बंद करत व्हता?"

तो पचकन ओट्याच्या कडेला थुंकला. "हळू बोल. लोक ऐकून राहिले."

"त्यांना दम लागत व्हता. रात रात बसून काढत व्हते ते. तुमाला दिसत न्हवतं?"

"एखादी खेप हुकली म्हणून कोणी मरत न्हाई. पोरगा पुण्यात मजा करून राहिला अन् सगळं आमीच काहून करायचं? दोन-चार खेपा हुकल्या असत्या तर आला असता रविंद्र घेऊन जायला. आन् गाडीला वास येऊन राहिला त्या दवाखान्याचा."

एवढं बोलून त्यानं तोंडावरचा फेस माझ्याच टॉवेलनं पुसला. या माणसाच्या ताटात मी इतकी वर्षं वाढत होते. मला त्याच्या फेसाची, बनियनची, त्या धक्का मारणाऱ्या दोन्ही हातांची किळस आली. हे हात पुन्हा अंगाला लागले तर मी कातडं सोलून काढीन, असं वाटलं.  बाबांना हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी काढली.

गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या लागल्या. बाबा समोर बघत होते. इंजिनाच्या आवाजात त्यांनी किती ऐकलं, आणि मी किती सांगावं, मला कळेना.

"बाबा, गाडीत बिघाड न्हवता," मी शेवटी म्हणाले.

"ठाव हाय," ते म्हणाले.

मी ब्रेक दाबला. गाडी कडेला घेतली.

"मला झोप कुठं लागते? अंधारातच येऊन बसतो मी ओट्यावर," बाबा म्हणाले. "जावई यायचे, दार उघडून वाकायचे, खाली काहीतरी करायचे अन् आत जायचे. त्या दिवशी बराबर गाडी लागायची न्हाई. दोन-तीनदा बघितलं, मंग समजलं."

"मंग सांगितलं काहून न्हाई मला?"

"लेकीच्या घरी भाकर खाऊन राहिलो, सरिता. जावयाचं गाऱ्हाणं कोणत्या तोंडानं सांगू? तुझं घर मोडलं असतं." त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "मी माझं जमवून घेतलं व्हतं. ते गाडीपाशी वाकलेले दिसले, की त्या दिवसापासून मी पाणी बंद करायचो, म्हंजी सूज कमी चढायची. नुसते ओठ ओले करायचे. पुढच्या खेपेपर्यंत निघतंय तेवढ्यावर."